वाऱ्याचा पायमोजा

आज सकाळी दुकान उघडून माझा चहासुद्धा झाला नव्हता, तोच एक मुलगी तिच्या लग्नाचा दुपट्टा घेऊन आली. केशरी जॉर्जेट. काठाला नाजूक पिको करून हवा होता. मी तो काउंटरवर उलगडला. तिच्या मागे दार उघडंच राहिलं होतं, तेवढ्यातून जूनमधली जेमतेम एक झुळूक आत आली, आणि ते कापड असं काही फुगलं, सळसळलं, हातभर उंच उभं राहिलं, की कुणाला वाटावं बाहेर वादळच सुटलंय. मुलगी खुदकन हसली. मीही हसले, पण माझं हसू वेगळं होतं. या कापडाला मी चांगली ओळखते. याने एकदा चार लोकांत माझी अब्रू वेशीला टांगली होती, आणि त्या दिवसाइतका सुंदर दिवस माझ्या आयुष्यात फार थोड्या वेळा आलाय.

इकडे परदेशात, सरे गावातल्या या प्लाझात, एका बाजूला ग्रोसरी आणि दुसऱ्या बाजूला मिठाईवाला अशा मधल्या गाळ्यात, मी गेली कितीतरी वर्षं कपडे अल्टर करून देते. पँटी आखूड करणं, ब्लाउज सैल करणं, पंजाबी नवऱ्या मुलींचे लेहंगे कमरेत बसवणं. नागपूरला असताना शिवणाचा क्लास केला होता, तो इथे उपयोगी पडला. जरा गर्वच होता मला माझ्या हाताचा. अजूनही आहे, उगाच खोटं कशाला बोलू? आमचे हे तिकडे बर्नबीला कॉम्प्युटरच्या ऑफिसात. सगळं सुरळीत, मुलगी हायस्कूलला, बेसमेंटमध्ये भाडेकरू. आणि एक दिवस वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी या माणसाने जाहीर केलं की आपण विमान उडवायला शिकणार. बाप्पा! मी म्हटलं, तुम्हाला धड पॅरलल पार्किंग करता येत नाही. मुलगी म्हणाली, "आई, लेट हिम. इट्स हिज मिडलाइफ थिंग." तो शिकला. नुसता शिकला नाही, तर तीन मित्रांबरोबर एक जुनं, दोन माणसांचं विमान भागीत घेऊन मोकळा झाला. आपल्या वाट्याला यातला कुठला भाग आला, पंख की शेपूट, असं मी बरेच दिवस विचारत असे. पहिल्यांदा त्यात बसले तेव्हा डोळे गच्च मिटून देवाचं नाव घेत होते. डोळे उघडले ते थेट खाली उतरताना, आणि जे दिसलं ते पाहून त्यांच्यावरचा राग तिथल्या तिथे विरघळला.

होप गावाच्या पुढे डोंगर ओलांडून गेलं, की एका नदीच्या वळणाशी दरी जराशी रुंद होते. तिथे झाडांच्या मधोमध एक लांबट, हिरवी पट्टी होती. धावपट्टी म्हणावं तर डांबर नाही, दिवे नाहीत, इमारत नाही. नुसतं गवत. दोन्ही कडांना पांढरे रंगवलेले जुने टायर ओळीने ठेवलेले, एका टोकाला लाकडी टेबल, टेबलाशेजारी खांबावर टपालाची पत्र्याची पेटी, आणि पेटीत एक वही. जो उतरेल त्याने वहीत नाव लिहायचं, एवढाच तिथला कायदा. आणि दुसऱ्या टोकाला उंच लोखंडी खांबावर एक केशरी कापडी नळकांडं. त्याला विंडसॉक म्हणतात; मी म्हणते वाऱ्याचा पायमोजा. वारा कुठून येतोय आणि किती जोराचा आहे, ते वरच्या माणसाला तो सांगतो. वारा नसेल तेव्हा पडून राहतो, थोडा असेल तर अर्धा उचलला जातो, आणि आडवा ताठ उभा राहिला तर समजायचं की आपलं काम नाही, माघारी फिरा. कारण वर आकाशात शांत असलं तरी दरीच्या तळाशी वाऱ्याचं काहीतरी वेगळंच चाललेलं असतं, आणि गवताच्या आखूड पट्टीवर आडव्या वाऱ्यात हलकं विमान उतरवणं म्हणजे जिवाशी खेळ. जूनमध्ये कडेने निळी रानफुलं दाटतात, नदीकाठच्या पॉप्लर झाडांचा चिकट, गोडसर वास येतो, आणि इंजिन बंद केलं की इतकी शांतता होते की आपल्याच कानात काहीतरी वाजतंय असं वाटतं. तुम्ही कधी विमानातून उतरून थेट फुलांत पाय ठेवलाय? मी ठेवलाय, तोही चपला हातात घेऊन.

ही पट्टी सांभाळणारा एक म्हातारा होता. खालच्या अंगाला लाकडी घरात एकटाच राहायचा. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, काटक, बोलायला मोजका. तरुणपणी एका हिवाळ्यात दरड कोसळून दरीतला एकुलता एक रस्ता बंद पडला होता, आणि त्याच आठवड्यात त्याच्या बायकोला कळा सुरू झाल्या. शेजाऱ्यांनी ट्रॅक्टरने बर्फ दाबून काढलं, एका छोट्या विमानातून डॉक्टर उतरला, आणि मुलगी सुखरूप जन्माला आली. बर्फ वितळल्यावर याने त्या जागेवर पुन्हा रान वाढू दिलं नाही. तेव्हापासून दर उन्हाळ्यात गवत कापायचा. पुढे वणवा विझवणारे तिथे उतरले, वाट चुकलेले गिर्यारोहक तिथून नेले गेले, इंजिन कुरकुरायला लागलेले किती जण देवासारखी ती पट्टी दिसली म्हणून वाचले. आणि बाकीचे आमच्यासारखे, काही कारण नसताना, नुसते आनंदासाठी. "पट्टी माझी नाही. ज्याला उतरायचंय त्याची," असं तो म्हणायचा.

दर वसंतात सगळे हौशी वैमानिक एक शनिवार-रविवार तिथे श्रमदानाला जमत. बिळं बुजवायची, टायर पुन्हा रंगवायचे, कडेने उगवलेली रोपटी उपटायची. जंगल दर वर्षी दोन पावलं आत सरकतंच. बायका-माणसं सगळी गुडघ्यांवर. मला त्यात फार मजा येऊ लागली. आमच्या ह्यांना घरी हिवाळ्यात ड्राइव्हवेवरचं बर्फ शोव्हल करा म्हटलं की पाठ धरते, आणि तिथे हा माणूस दिवसभर कुदळ मारतो, हे पाहून मी कपाळावर हात मारून घेत असे.

ऑलिंपिक यायचं होतं, सगळीकडे रस्ते खणून ठेवले होते, त्याच्या आधीच्या वर्षीची गोष्ट. म्हाताऱ्याला जंगल खात्याचं पत्र आलं. जमीन सरकारी, पट्टीचा वापर होत नाही असं दिसतंय, तसंच असेल तर पुढच्या वसंतात ती नांगरून तिथे पाइनची रोपं लावण्यात येतील. पाहणीसाठी जूनच्या अमुक शनिवारी अधिकारी येतील. बस. म्हाताऱ्याने ते पत्र आम्हाला वाचून दाखवलं तेव्हा त्याचा आवाज नेहमीसारखाच होता, पण घडी घालताना कागद दोनदा चुकीचा दुमडला. मला भडभडून आलं. ठरलं असं, की त्या शनिवारी अकरा विमानांनी यायचं आणि वापर कसा होतो ते दाखवूनच द्यायचं. जुना पायमोजा उन्हाने विटून फाटला होता. म्हाताऱ्याने मला तंबूच्या कापडासारखं एक जाडंभरडं केशरी कापड दिलं, मापं पुठ्ठ्यावर काढून दिली, आणि म्हणाला, "याच कापडाचा शिव हं, डिअर."

आता सांगते माझा शहाणपणा. ते कापड दुकानात आणून मी मशीनवर ठेवलं आणि माझं मन काही घेईना. गोणपाट बरं ते! सरकारचा माणूस येणार, इतकी विमानं येणार, आणि माझ्या हातचं काम म्हणून हे टांगायचं? म्हाताऱ्याला कापडातलं काय कळतं? माझ्याकडे एका लेहंग्याचं उरलेलं केशरी जॉर्जेट होतं, अस्सल, तलम, रंग असा की नजर ठरू नये. मी त्याचाच शिवला. दुहेरी शिवण घातली, तोंडाशी तारेच्या कड्याला पट्टी लावली, टाका असा की कुणी भिंग घेऊन बघावं. ह्यांना दाखवला तर म्हणाले, "काय मस्त झालाय नं!" विमानांच्या पुस्तकांत डोकं खुपसून बसणारा माणूस, पण त्याच्याही लक्षात आलं नाही. मग ते जाडं कापड उरलं, तर मी काय केलं? शनिवारच्या जेवणासाठी आलूबोंडे केले होते, त्यांचं मोठं पातेलं गरम राहावं म्हणून त्यात गुंडाळलं.

गवत कापायचं मशीन आणि एवढं जेवण विमानात मावणार नव्हतं, म्हणून आम्ही दोघं पहाटेच पिकअप घेऊन गाडीने निघालो. पोचल्यावर पहिलं काम पायमोजा चढवायचं. खांब खाली तिरपा करून कड्यात अडकवला, परत उभा केला, आणि अगं बाई! निळ्या आभाळात ते केशरी कापड असं झळकलं की म्हाताऱ्यानेसुद्धा टोपी मागे सरकवून बघितलं. त्याचे डोळे अधू, आणि कापड बदललेलं मी त्याला सांगितलं नव्हतं. दहाच्या सुमारास खात्याची बाई आली. तिशीची, हसतमुख, हातात कागद लावलेली पाटी. वही चाळली, पट्टीवरून चालून आली, आणि म्हणाली, एक वाजेपर्यंत थांबते. मी लगेच तिला आलूबोंडा आणि चटणी दिली. नागपूरचा आलूबोंडा खाऊन माणूस विरोधात जाऊ शकत नाही, अशी माझी समजूत होती.

साडेदहाला पहिली तीन विमानं डोंगरावरून आली. आम्ही हात हलवले. त्यांनी पट्टीवर एक चक्कर मारली, दुसरी मारली, पंख डावे-उजवे झुकवून सलाम केला आणि निघून गेली. आम्ही बघतच राहिलो. मग दोन आली; तीही तशीच गेली. मग एकेक करत आणखी पाच. हे अस्वस्थ होऊन येरझारा घालायला लागले. आम्ही गाडीने आलेलो, त्यामुळे विमानातला रेडिओ आमच्यापाशी नव्हता, आणि मोबाइलला त्या दरीत रेंज नाही. बारा वाजले. बाई दर वेळी वर बघायची, आणि विमान गेलं की कागदावर काहीतरी लिहायची. म्हातारा टेबलापाशी बसून होता, दोन्ही हात गुडघ्यांवर. पन्नास वर्षं कापलेलं गवत, आणि ते आज त्याच्या डोळ्यांदेखत निकाली निघणार. देवा, एक तरी उतरव रे, म्हटलं.

तेवढ्यात बाईने सहज विचारलं, "इथे नेहमीच एवढा वारा असतो का?"

"वारा?" म्हातारा म्हणाला. "कुठला वारा?"

तिने पायमोज्याकडे बोट दाखवलं. तो पट्टीला आडवा, काठीसारखा ताठ उभा होता. आम्ही सगळे विमानांकडेच बघत होतो, त्याच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. म्हातारा हळूच उठला, चिमूटभर गवत उपटून त्याने वर सोडलं, आणि ते जवळपास त्याच्या बुटांवरच पडलं. माझ्या थर्मासच्या चहाची वाफ सरळ वर चालली होती. माझ्या कपाळावरचे केससुद्धा हलत नव्हते. आणि मला लख्ख दिसलं. आयुष्यभर मी गिऱ्हाइकांना सांगत आले, जॉर्जेट घ्या, पंख्याखाली बसलात तरी छान उडतं. ते झुळुकीलाच उभं राहिलं होतं. वरून बघणाऱ्या प्रत्येकाला माझा सुंदर पायमोजा ओरडून सांगत होता, जीव प्यारा असेल तर परत जा!

मी काय करायला हवं होतं? गप्प बसता आलं असतं, ह्यांनासुद्धा कळलं नसतं. पण म्हाताऱ्याकडे बघून माझ्याच्याने राहवलं नाही. मी सगळ्यांसमोर म्हटलं, चूक माझी आहे, तुम्ही दिलेलं कापड मी वापरलं नाही, मला वाटलं हे जास्त छान दिसेल. आणि मला रडू फुटलं. म्हाताऱ्याने माझ्याकडे एक क्षण पाहिलं आणि फक्त विचारलं, "माझं कापड कुठे आहे?"

"आलूबोंड्याला," मी म्हटलं.

हे जे हसायला लागले! मी रडत असताना हसणारा नवरा मला तेव्हा डोळ्यांसमोर नको झाला. पण त्यांनी लगेच खांब खाली घेतला. मी पातेल्याचं कापड सोडवलं. एका कोपऱ्याला तेलाचा हा एवढा डाग. टेबलावर ते पसरलं, जॉर्जेटचा पायमोजा त्यावर ठेवला, आणि झाडं छाटायच्या मोठ्या कात्रीने ह्यांच्याकडून भराभर कापून घेतलं. शिलाई मशीन नाही, वेळ नाही. जॉर्जेट आतून तसंच ठेवलं, अस्तरासारखं, आणि जाडं कापड वरून चढवलं. पर्समधली सुई काढली. लांब लांब कच्चे टाके घालत सुटले. एक टोक धरायला कुणीतरी हवं होतं. बघते तर खात्याची बाई पाटी गवतावर ठेवून, गुडघ्यावर बसून कापड ताणून धरतेय. म्हातारा कडं धरून बसला होता. दोरा संपला तेव्हा बांगडीतल्या सेफ्टी पिना काढून लावल्या, त्याही संपल्यावर मंगळसूत्रातली एक. वाकडातिकडा, डागाळलेला, दोन्ही काठ वेगळेच, असा ओबडधोबड प्रकार मी उभ्या जन्मात शिवला नव्हता. खांब उभा राहिला. पायमोजा जरासा उचलला गेला, पुन्हा खाली पडला, आणि नुसता लोंबत राहिला. आम्ही चौघंही त्याच्याकडे असे बघत होतो, जसं काही घरात बाळ झालंय.

एकला सात-आठ मिनिटं असतील. शेवटचं राहिलेलं एक पिवळं विमान डोंगरावरून आलं. चक्कर मारली. दुसरी चक्कर घेता घेता ते वळलं, खाली झुकलं, टायरांच्या ओळीत आलं, आणि फुलांना पंख घासतील इतक्या अलगद, गवतावर टेकलं. म्हातारा लहान मुलासारखा धावत सुटला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस! पिवळ्या विमानाच्या बाईने, हो, तीही बाईच होती, साठीची, रेडिओवरून बाकीच्यांना कळवलं की खाली काही वारा नाही, या. ते सगळे जवळच्या विमानतळावर कॉफी पीत हळहळत बसले होते. मग एकामागून एक, लाल, पांढरी, निळी, एकाचं तर इंजिन शिवणयंत्रासारखं टकटकणारं, अकराच्या अकरा उतरली. गवत भरून गेलं. एक कधीच वाजून गेला होता आणि खात्याची बाई काही जायचं नाव घेत नव्हती. तिने तीन आलूबोंडे खाल्ले, प्रत्येक वैमानिकाला परत का फिरलात ते विचारून लिहून घेतलं, आणि शेवटी लाजत लाजत म्हणाली, मला एक चक्कर मिळेल का? ह्यांनी मित्राचं विमान मागून तिला फिरवून आणलं. खाली उतरली तेव्हा केस विस्कटलेले, डोळे चमकत होते. म्हणाली, वाऱ्याबद्दल वाचून निर्णय घेणारी माणसं मी पाहिली होती, वाऱ्याचं ऐकून घेणारी पहिल्यांदा बघतेय. दिवसभर त्या दरीत इतका हशा झाला, की संध्याकाळी गाडीत बसले तेव्हा माझे गाल दुखत होते.

ऑगस्टमध्ये पत्र आलं. पट्टी राहणार. म्हाताऱ्याने फोनवर ते मला सगळं वाचून दाखवलं, तारखेसकट. मी म्हटलं, आता मी तुम्हाला नीट, मशीनवर शिवून देते. तो नको म्हणाला. तोच कच्च्या टाक्यांचा, डागाचा पायमोजा तीन उन्हाळे टिकला. त्यानंतर मी दर वर्षी नवा शिवते. वरून जाडं कापड आणि आतून, कुणाला दिसत नाही, पण जॉर्जेटचं अस्तर. मला विचाराल तर त्याची काही गरज नाही. पण म्हातारा प्रत्येक वेळी आत हात घालून ते आहे ना बघायचा.

नंतर त्याच्याने एकटं राहवेना, तेव्हा मुलीने, त्याच बर्फातल्या मुलीने, त्याला ॲबट्सफर्डला वृद्धांच्या निवासात ठेवलं. भेटायला गेले तर म्हणाला, इथल्या खिडकीतून काही कळत नाही. घरी येऊन एक वीतभर पायमोजा शिवला आणि पुढच्या रविवारी त्याच्या खिडकीबाहेर टांगला. सकाळी उठला की तो आधी तिकडे बघायचा, मग चहा. मागच्या थंडीत तो गेला. मुलगी येऊन मला तो छोटा पायमोजा देऊन गेली, आता तो माझ्या दुकानाच्या दारावर आहे. पट्टीवरचं गवत आता आमचे हे आणि बाकीचे आळीपाळीने कापतात, आणि पाठ धरल्याची तक्रार नाही. कितीतरी गोष्टी जपायच्या म्हणून आपण त्या छान करायला जातो, आणि त्या जगतात त्या साध्या, जाडजूड, खरं बोलणाऱ्या कापडावर. हे मला शिवणाच्या क्लासात कुणी शिकवलं नव्हतं.

दुपट्टा अजून काउंटरवर फडफडत होता. मुलीला संध्याकाळी बाहेर मोकळ्या मैदानात फोटो काढायचे होते, तिला काळजी केसांची. "आंटीजी, बाहर हवा बहुत है क्या?" तिने विचारलं. मी दुपट्ट्याकडे पाहिलंच नाही. दारावरच्या वीतभर पायमोज्याकडे बघितलं. तो शांत लोंबत होता.

"नहीं बेटा," मी म्हटलं, "आराम से जाओ."